चार स्क्रू आणि एक टिकली

छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पंखा कितीही फिरला तरी खोलीतील हवेहून थंड हवा तो आणणार कोठून? संगणकातील ग्राफिक्स कार्डाचीही हीच गत आहे. कार्डासोबत आलेला कूलर धुळीने तुंबतो, थर्मल पेस्ट वाळते, आणि तापलेली चिप आपली गती आपणच कमी करते. उपाय सोपा आहे. स्क्रू काढावेत, जुनी पेस्ट पुसून नवी लावावी, छिद्रांचे अंतर जुळणारा मोठा कूलर चढवावा. (मेमरी चिपांवरील पॅड मात्र नेमक्या जाडीचे हवेत; जाड झाले तर मुख्य चिपला धातू टेकतच नाही.) वाळूज-चिकलठाण्यात यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या हातांना हे जड नाही.

पण अनेकदा एका स्क्रूवर टिकली असते : काढली तर हमी रद्द. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर हा विक्रेत्याचा पहारा का? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७५च्या हमीविषयक कायद्याचा आधार घेऊन जुलै २०२४मध्ये गिगाबाइट, झोटॅक व एएसरॉक यांना अशाच टिकल्यांबद्दल ताकीद दिली. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळाने टिकली निघत नाही.

कूलर बदलताना ग्राहकानेच चिप फोडली, तर भुर्दंड त्याचा. हे न्याय्यच आहे. परंतु केवळ स्क्रू फिरला म्हणून मूळच्या दोषाची भरपाई नाकारणे ही लूट होय. नुकसान ग्राहकाच्या हातून झाले, हे कंपनीने सिद्ध करावे. कायद्यात तसे स्पष्ट लिहिले जावे.