आधी परतीची वाट तपासा

मुंबईतील प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३च्या ऑक्टोबरातली. २० वर्षांची मुदत भरताच, २०२३च्या ऑक्टोबरअखेर, ती काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही मोटार आता हौशी मालकांकडे उरली आहे. ते तिला प्रेमाने रंगवतात, नवे क्रोम चढवतात, सीटवर नवे कापड घालतात. मागच्या दिव्यांची रड मात्र अनेक गाड्यांत तशीच राहते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, बल्ब बदलला तरी फरक पडत नाही. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ असे म्हणून तो विषय संपवला जातो. ही सवय आम्हाला धोक्याची वाटते. हा दोष गूढ नाही. तो शोधता येतो, आणि त्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही.

मोटारीत प्रत्येक दिव्याला एक वायर वीज आणून देते. परत जायला बहुतेक ठिकाणी वेगळी वायर नसते. वीज दिव्याच्या घरातून गाडीच्या पत्र्यात आणि पत्र्यातून बॅटरीकडे जाते. गॅरेजात यालाच बॉडी अर्थ म्हणतात. मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा पुष्कळदा एकाच बल्बमध्ये असतात. त्यात दोन फिलामेंट, एक ५ वॅटचे आणि दुसरे २१ वॅटचे. दोघांची परतीची वाट मात्र एकच, बल्बचे धातूचे बूड. ही वाट गंजाने बंद झाली की वीज थांबत नाही. तुंबलेले पाणी शेजारच्या गटारात शिरावे तशी ती दुसऱ्या फिलामेंटमध्ये शिरते आणि पलीकडच्या बाजूच्या दिव्यातून पत्रा गाठते.

याचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. डाव्या दिव्याचा अर्थ गेला आहे आणि रात्री पार्किंगचे दिवे लावले आहेत, असे समजा. ५ वॅटच्या फिलामेंटमधली वीज ब्रेकच्या थंड फिलामेंटमधून सहज निघून जाते, त्यामुळे दिवा जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो. गाडीभोवती फेरी मारून पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते. चालकाने ब्रेक दाबला की दोन्ही फिलामेंटना एकाच वेळी १२ व्होल्ट मिळतात, त्यांच्यात फरकच उरत नाही आणि डावा दिवा विझतो. ज्या क्षणी मागच्याला इशारा मिळायला हवा, नेमक्या त्याच क्षणी त्या बाजूला अंधार होतो.

अशा वेळी पहिला संशय नव्या रंगावर घ्यावा. डेंटिंग-पेंटिंगनंतर दिवे रंगवलेल्या पत्र्यावर, बहुधा रबरी गॅस्केट घालून, घट्ट बसवले जातात. स्क्रूखालचा पत्रा उघडा ठेवायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत उरलेसुरले काम गंज करतो.

मल्टिमीटरवरही आंधळा विश्वास नको. बल्ब काढून होल्डरवर मीटर लावला तर एकाच तारेवर तगून असलेला जोडही १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ वीज घेतच नाही. मोजायचे ते दिवा पेटलेला असताना. २१ वॅटच्या बल्बच्या वाटेत अवघ्या १ ओहमचा गंज आला तरी सुमारे दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि उजेड जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटतो. मीटर नसेल तर एक जाड वायर बॅटरीच्या अर्थ टोकाला लावून दुसरे टोक दिव्याच्या घराला टेकवावे. उजेड वाढला तर दोष सापडला: पत्रा खरवडावा, दातेरी वॉशर घालावा, जमल्यास स्वतंत्र अर्थ वायर ओढावी.

पुढचे सोपे आहे. दोन्ही ब्रेक दिवे एकदम गेले तर फ्यूज किंवा ब्रेकचा स्विच. एकच गेला तर बल्ब, होल्डर, तिथला जोड. नंबरप्लेटचा दिवा डिकीच्या झाकणावर असेल तर बिजागरीपाशी वायर आतल्या आत तुटलेली असू शकते.

हे न करता जिथून जमेल तिथून नवी वायर ओढण्याची घाई आम्हाला मान्य नाही. अशा चार दुरुस्त्यांनंतर मूळ आकृतीतले रंग आणि गाडीतल्या वायरी यांचा मेळ राहत नाही, आणि पुढचा वायरमन हतबल होतो. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणे तर आगीला आमंत्रण आहे. एलईडी बल्बही उपाय नव्हे. तो कमी वीज घेतो म्हणून खराब अर्थवरही पेटतो आणि दोष झाकतो.

जुन्या टॅक्सी सांभाळलेले वायरमन अजून आपल्यात आहेत. जुन्या मोटारींच्या क्लबांनी आणि आयटीआयनी त्यांना शिकवायला बोलवावे. आणि मालकांना एक विनंती: अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढण्यापूर्वी कोणाला तरी मागे उभे करा. पार्किंगचे दिवे चालू ठेवून ब्रेक दाबा, मग इंडिकेटर लावून पुन्हा दाबा. एखादा दिवा मंदावला किंवा विझला तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.