परत न आलेल्या पाण्याचा रकाना

खडकात कोंडलेला तेल-वायू मोकळा करण्यासाठी प्रचंड दाबाने पाणी आत सारायचे, खडक फोडायचा आणि पाण्याबरोबर गेलेल्या वाळूने भेग उघडी ठेवायची, ही ‘हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग’ची रीत. १९४७ साली अमेरिकेतील कॅन्सास राज्यात तिचा पहिला प्रयोग झाला. आपल्याकडे पाणी कमी देणाऱ्या विंधन विहिरींवर केले जाणारे ‘जलभंजन’ हे तिचेच धाकटे भावंड. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला या विषयात रस वाटला तो त्यातल्या गळतीपायी. बँकेत खतावण्या तपासण्यात उमेदीची वर्षे गेली, त्याचा हा परिणाम असावा.

आत सारलेले सगळेच पाणी भेग वाढवण्याच्या कामी येत नाही. काही भेगेच्या भिंतींतून खडकात मुरते. १९५७ साली आर. डी. कार्टर यांनी या मुरण्याचे गणित मांडले: भिंत उघडी पडताच पाणी वेगाने मुरते, मग तो वेग ठरावीक प्रमाणात मंदावत जातो. एकसंध खडकाला हा हिशेब लागू पडतो. मुळातच भेगाळलेल्या खडकात मात्र दाब एका मर्यादेपलीकडे गेला की मिटलेल्या जुन्या भेगा उघडतात आणि पाणी आडवाटांनी पळते. मागे राहिलेली वाळू दाटते आणि काम मध्येच अडते. ठरल्या हप्त्यांचा संसार चालू असताना वडिलोपार्जित देणी अचानक दारात उभी राहावीत, तसाच हा प्रकार!

म्हणून तंत्रज्ञ बारीक वाळूने या फटी बुजवू पाहतात. पण टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाट द्रावाऐवजी जवळजवळ साधे पाणी वापरले. ते भेगांच्या जाळ्यात पसरले आणि ते पसरणेच फायद्याचे ठरले. तेव्हा गळती हा सरसकट दोष नाही, हे मान्य.

माझा आग्रह इतकाच, की तिची नोंद हवी. अशा एका आडव्या विहिरीला कोटभर लिटरांहून अधिक पाणी लागते. शेतात मुरलेले पाणी शेजारच्या विहिरीला लागते. दोन-दोन किलोमीटर खोल शेलमध्ये मुरलेले पाणी ओढ्याला परत येत नाही. कंपन्या म्हणतात, सिंचनाच्या तुलनेत हे पाणी थोडेच. राज्याच्या बेरजेत ते खरेही आहे. पण दुष्काळ सरासरीवर पडत नाही. तो एखाद्या तालुक्यावर, एखाद्या शिवारावर पडतो.

टेक्सासने २०११ साली कायदा करून विहिरीत किती पाणी व कोणती रसायने गेली हे जाहीर करणे बंधनकारक केले. चांगलेच झाले. परंतु त्या जाहीर तक्त्यात परत किती आले याचा रकाना नाही. गळतीचा अंदाज बांधल्याशिवाय अभियंत्याचे काम पुरे होत नाही. म्हणजे हिशेब अशक्य नाही. तो शेजारच्या शेतकऱ्यालाही वाचता आला पाहिजे. नुसती ‘नावे’ची बाजू लिहिलेली वही कोणी टेबलावर ठेवली असती, तर मी तिच्यावर सही केली नसती.