जुन्या गाडीचा सेल्फ : बदलायचा की बांधायचा?

सकाळी गाडीत बसावे, चावी फिरवावी आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसता 'टक्' असा आवाज यावा. जुनी अ‍ॅम्बॅसडर, पद्मिनी किंवा जीप बाळगणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. शेजारची चार पोरे जमतात, धक्का मारतात, गाडी कशीबशी सुरू होते आणि मालक थेट ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानापुढे येऊन उभा राहतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चाचा, नवा सेल्फ टाकू, की हाच बनवून देता?"

या प्रश्नाचे उत्तर कारागिराने कसे द्यावे, याचा विचार आज करावयाचा आहे. वरवर पाहता ही एका सुट्या भागाची गोष्ट आहे. पण तिच्यात ग्राहकाचा पैसा, दुकानाची पत आणि आपल्या हातातला हुन्नर या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

नागपूरला या गाड्यांचे अप्रूप जुनेच. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की शहरात पांढऱ्या अ‍ॅम्बॅसडरच्या रांगा लागत, हे चाळिशी ओलांडलेल्या नागपूरकरांना आठवत असेल. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाडा येथील कारखान्यात मे 2014 मध्ये अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन थांबवले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आता ज्या गाड्या उरल्या, त्या बहुतेक मालकाच्या हौसेवर उरल्या आहेत. हा ग्राहक संख्येने थोडा आहे, पण जाणता आहे. तो एकदा फसला तर दहा जणांना सांगतो आणि समाधानी झाला तर आणखी दोघांना घेऊन येतो.

आधी तपासणी, मग पाना

पहिली गोष्ट ही की, सेल्फ न फिरण्याचा दोष दर वेळी सेल्फचा नसतो. पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्याही खाली गेला, तर आधी बॅटरीकडे पाहावे. बॅटरी चांगली असेल तर मीटरची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर आणि दुसरी सेल्फच्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ मारून पाहावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर केबल, टर्मिनल किंवा सोलेनॉइड वाटेतच करंट खात आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली, तरी तेच होते आणि नेमकी तीच पाहायची राहून जाते.

नागपूरच्या उन्हाळ्यात याचा अनुभव हमखास येतो. तांब्याचा विरोध दर अंशाला हजारात सुमारे चार या हिशेबाने वाढतो. तापमान 40 अंशांनी चढले की तो सुमारे 16 टक्क्यांनी वाढलेला असतो. जी कुजकी केबल डिसेंबरमध्ये कसेबसे काम भागवत होती, ती मे महिन्याच्या दुपारी हात वर करते आणि दोष बिचाऱ्या सेल्फवर येतो.

ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे. पण आपल्याकडे तपासण्याची मजुरी घेण्याची रीत नाही. कमाई होते ती सेल्फ बदलला किंवा उघडला तर. येथेच सगळी गोम आहे. केबलचे टोक घासून गाडी सुरू करून देणाऱ्या प्रामाणिक मिस्त्रीच्या हाती चहापुरते पैसे पडतात आणि न तपासता नवे खोके फोडणाऱ्याला कमिशन मिळते. अशा रीतीने सल्ला सरळ कसा राहील? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, ती फळ्यावर लिहावी आणि निःसंकोच मागावी. डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतो, मग आपणच का लाजावे?

बांधणे केव्हा योग्य?

त्या काळच्या बऱ्याच देशी गाड्यांत मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचे सेल्फ असत. तो माल दुरुस्त होण्यासाठीच घडवला होता. लांब बोल्ट काढले की सेल्फ उघडतो आणि आतला प्रत्येक भाग सुटा होतो. त्यात झिजते ते मुख्यतः कार्बन, बुश, कम्युटेटर आणि बेंडिक्स. आर्मेचरचा शाफ्ट सरळ असेल, फील्ड कॉइल बॉडीला शॉर्ट नसेल आणि पुढचे ब्रॅकेट तडकलेले नसेल, तर असा सेल्फ बांधून घेणे हेच शहाणपणाचे.

मात्र बांधणे म्हणजे कार्बन बदलून रंग मारणे नव्हे. कार्बन साधारण 8 मिलिमीटरपेक्षा कमी राहिले की बदलावेत. नवीन सच्छिद्र ब्राँझचे बुश बसवण्यापूर्वी 24 तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावेत. बुश झिजले की आर्मेचर खाली बसून पोलला घासते, आणि चार पैशांच्या बुशापायी आर्मेचर जाते. कम्युटेटर लेथवर हलका फिरवावा आणि बारीक काचपेपरने साफ करावा. एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण फटीत अडकतात. डायनॅमोच्या सवयीने पुष्कळ जण कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक खोल कापतात. लुकासच्या या जुन्या सेल्फमध्ये तसे करायचे नसते. बेंडिक्सलाही ग्रीस थापू नये, क्लचची धूळ चिकटून ते अडकू लागते.

शाफ्ट वाकला असेल, आर्मेचरची पत्री घासून खोल गेली असेल किंवा कम्युटेटर पूर्वीच इतका फिरवला असेल की आता तांबेच उरले नाही, तर मोह सोडावा आणि बदलावा. मजुरी आणि सामान मिळून खर्च नव्या सेल्फच्या जवळ जात असेल, तर तेही ग्राहकाला आधीच सांगावे.

नव्या खोक्यातील धोका

नवा टाकायचा म्हटले तरी प्रश्न सुटत नाही. 'अ‍ॅम्बॅसडरचा सेल्फ द्या' असे काउंटरवर म्हणणे अपुरे आहे. एकाच बॉडीत 1489 सीसीचे बीएमसी पेट्रोल इंजिन आले, पुढे डिझेल आले आणि 1990 नंतर इसुझुचे 1817 सीसी इंजिनही आले. डिझेलचे कॉम्प्रेशन मोठे, म्हणून त्याचा सेल्फही दांडगा. दुकानदाराने इंजिन विचारावे, पिनियनचे दात मोजावेत आणि जुना सेल्फ शेजारी ठेवून माप जुळवावे. दात जुळले नाहीत तर फ्लायव्हीलची रिंग खाल्ली जाते, आणि रिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेव्हा वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो.

आणखी एक गोष्ट. 1950-60 च्या काळातील काही विलायती गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थ केलेले असते. फील्ड कॉइलचा जुना सेल्फ उलट जोडणीतही त्याच दिशेने फिरतो. कायम चुंबकाचा आधुनिक सेल्फ मात्र उलटा फिरेल. हे ठाऊक नसलेला मिस्त्री नवा माल निकामी म्हणून परत करतो आणि व्यापाऱ्याशी भांडतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. सप्टेंबर 2025 मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे नवा माल घेणे सोपे झाले. नवे गिअरचे सेल्फ कमी करंट घेतात आणि इंजिन जोरात फिरवतात. ज्याचे रोजचे पोट त्या गाडीवर आहे, त्याने चार दिवस गाडी उभी ठेवावी असा हट्ट धरणे बरोबर नाही. अशाला माप जुळवून खुशाल नवा बसवून द्यावा.

पण जुना सेल्फ त्याच्या हातात परत द्यावा. तो आपल्याकडे आलेली अमानत आहे, भंगारातले तांबे नव्हे. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांवरील गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते आणि तिच्यात चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात असण्याला महत्त्व आहे. सेल्फ बदलल्याने ती नोंदणी अडत नाही. मात्र गाडीचा शौकीन मूळ भाग किती शिल्लक आहेत हे पाहूनच भाव लावतो. आज परत दिलेला सेल्फ उद्या बांधायला आपल्याकडेच येईल.

काम कोणतेही असो, पक्के बिल द्यावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर काय बदलले, काय तेच ठेवले आणि किती महिन्यांची हमी, हे तीन रकान्यांत लिहावे. काढलेले कार्बन आणि बुश पुडीत बांधून सोबत द्यावेत. वाद तिथेच मिटतो.

शेवटी आपल्या पोरांविषयी. जे पोर दुकानात फक्त खोके उघडायला शिकते, त्याची जागा उद्या कोणीही घेईल. जे आर्मेचर तपासायला, बुश बसवायला, तार भरायला शिकते, त्याच्याकडे लोक गाव ओलांडून येतात. उस्तादांनी आठवड्यातून एक भंगार सेल्फ पोराच्या हाती द्यावा आणि तो फिरता करून दाखव म्हणावे. त्यात दुकानाचे नुकसान काहीच नाही. आणि पुढच्या वेळी कोणी विचारले की बदलू की बांधू, तर उत्तर एकच असावे : "आधी उघडून तुमच्यासमोर पाहू, मग सांगतो."