खरादीवरचा उजेड

लग्नसराई जवळ आली की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या फर्निचर दुकानांमागचे पत्र्याचे शेड रात्री उशिरापर्यंत जागे असतात. दिवाणाचे पाय, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी. दिवसभर गिऱ्हाईक, मापं आणि रंधा. मध्येच लाइट गेली तर तेवढे तास वाया. मग खराद फिरते ती रात्री. मोटार चांगल्या कंपनीची, पटाश्या पोलादाच्या, लाकूड निवडून आणलेलं, आणि या सगळ्यावर लटकतो बाजारातला सगळ्यात स्वस्त एलईडी बल्ब. हा बल्ब बदला, हे आज मला अगदी आग्रहानं सांगायचं आहे. प्रश्न नुसता कमी दिसण्याचा असता तर एवढा आग्रह धरला नसता. वाईट दिव्याखाली फिरणारं लाकूड थांबल्यासारखं दिसू शकतं.

हे कसं होतं ते नीट समजून घेऊ. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे तिच्यावर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही. आता खरादीत चौकोनी लाकूड लावा, पायाचा कच्चा तुकडा असतो तसं. ते मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ फेरे झाले, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात बरोबर पाव फेरा. दिवा पुन्हा उजळतो तेव्हा पहिल्या कोपऱ्याच्या जागी दुसरा कोपरा आलेला असतो. डोळ्याला वाटतं, काही हललंच नाही.

प्रत्यक्षात आपल्याकडच्या बहुतेक मोटारींच्या पाटीवर १४४० हा आकडा असतो. दोन्ही पुली सारख्या असतील आणि पट्टा घसरत नसेल, तर लाकूडही साधारण त्याच वेगानं फिरतं. मग ते स्थिर दिसण्याऐवजी सेकंदाला एक फेरा या संथ गतीनं उलटं फिरताना दिसेल. शेजारच्या यंत्रांच्या आवाजात आपली मोटार चालू आहे हे कानाला वेगळं कळत नाही. अशा वेळी हात पुढं जातो. ज्याचा हात जातो त्याच्या घरी पुढचे महिने कसे जातात, हे कारागिरांच्या वस्तीत कुणाला समजावून सांगायला नको.

सगळेच दिवे असे नसतात. जुन्या पिवळ्या बल्बची तार शंभराव्या सेकंदात थंड होत नाही, म्हणून त्याचा उजेड बराचसा एकसारखा राहतो. पण तो तापतो आणि खाली कोरड्या ढलप्यांचा ढीग असतो. जुन्या चोकची ट्यूबलाइट लुकलुकते, इलेक्ट्रॉनिक चोकची जवळजवळ नाही. एलईडीचं सगळं त्याच्या आतल्या ड्रायव्हरवर अवलंबून. चांगला ड्रायव्हर असेल तर उत्तम, नुसतं काम भागवणारा असेल तर हाच बल्ब सगळ्यात घातक. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. म्हणून दुकानातच बल्ब लावायला सांगा आणि त्याच्या उजेडात एक पेन्सिल भराभर डावीकडून उजवीकडे हलवा. पेन्सिलीचा सलग धूसर पट्टा दिसला तर बल्ब घ्या. सुट्यासुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर परत द्या. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

आपल्या भागासाठी मला सगळ्यात योग्य वाटतो तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारा एलईडी दिवा. बॅटरीची वीज एकाच दिशेनं वाहते, त्यामुळे लुकलुकणं नाही. मंद-प्रखर करायचं बटण मात्र त्यात नको, कारण अशी बरीच बटणं दिवा भराभर चालू-बंद करूनच उजेड कमी करतात. आणखी एक मोठा फायदा आहे. लाइट जाते तेव्हा मोटार बंद होते, पण लाकूड आपल्या वेगानं काही काळ फिरतच राहतं. कारागीर अंधारात हातात पटाशी धरून उभा असतो. बॅटरीचा दिवा त्या वेळी जळत असतो.

जागेचंही तितकंच महत्त्व. छताची ट्यूब पाठीमागे असली की आपलीच सावली कामावर पडते. शिवाय वरून सरळ पडणारा उजेड लाकूड सपाट दाखवतो. पायाच्या लांबीला धरून, बाजूनं तिरका पडणारा दिवा लावा; पटाशीचा प्रत्येक उंचवटा आणि पॉलिश पेपरचा प्रत्येक ओरखडा सावली टाकून उभा राहतो. पॉलिश चढल्यावर दिसणारी खोट त्याआधीच दिसते. दिवा दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला तर त्याच लहान बल्बचा उजेड कामावर साधारण सोळापट पडतो, म्हणजे जास्त वॅटची गरजच उरत नाही. वर टोपी हवी, उघडा बल्ब डोळ्यात येता कामा नये. शिलाई मशीनसाठी मिळणारा, मान वाकणारा लोहचुंबकाचा दिवाही चालेल, पेन्सिलीच्या परीक्षेत उतरला तर. पण खरादीच्या थरथरीनं तो सरकतो. त्यापेक्षा भिंतीला किंवा खांबाला पक्का करा, आणि वायर फिरत्या भागापासून दूर बांधा. छताचा उजेडही चालू ठेवा, नाहीतर प्रकाशातून अंधारात नजर फिरवून डोळे थकतात.

वयाचा भाग वेगळाच. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. त्यामुळे शेडमधल्या वयस्कर कारागिराला पुरेसा उजेड म्हणजे किती, हे तरुण मालकानं स्वतःच्या नजरेवरून ठरवू नये.

२०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याच्या १७व्या कलमात पुरेशा उजेडाबरोबर डोळे दिपवणारी चकाकी आणि अपघात घडवणाऱ्या सावल्या टाळायलाही सांगितलं होतं. पण बापलेकांनी चालवलेल्या शेडला तो कायदा लागू होत नव्हता. तिथं पोचते ती १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेली विश्वकर्मा योजना. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे आणि काही दिवसांचं प्रशिक्षण आहे. त्या प्रशिक्षणात एक तास उजेडाला द्यावा, अशी माझी मागणी आहे. एक चांगला बल्ब, एक वाईट बल्ब, एक पेन्सिल आणि चौकोनी लाकूड लावलेली खराद, एवढंच लागेल. थांबल्यासारखं दिसणारं लाकूड प्रशिक्षकानं लांब उभं राहून एकदा दाखवावं, आणि मग मोटारीचा आवाज ऐकायला सांगावं.