त्या घटकेचा पुरावा

वाचकहो, सरत्या वर्षाचा ताळेबंद मांडण्याचा आमचा मानस नाही. पाऊस आणि हळदीचा भाव यांविषयी आपण आमच्याहून अधिक जाणता. वर्षभर मनात सलत राहिले ते हिंगोलीच्या न्यायालयासमोरील चहाच्या टपरीवर, खुनाच्या एका खटल्याची तारीख पडल्यावर, एका सुशिक्षित गृहस्थाने बशी फुंकता फुंकता उच्चारलेले वाक्य: "वेड्याचं सोंग घेईल अन् सुटेल!"

सोंग राहू द्या, खरा वेडाही क्वचितच सुटतो. जुन्या दंडसंहितेचे कलम 84, जे जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 22 झाले, ते एवढेच विचारते की, आपण काय करीत आहोत, अथवा ते गैर किंवा बेकायदा आहे, हे मनोविकृतीमुळे त्या इसमास कृत्याच्या वेळी उमजत नव्हते काय. आधी वेड होते, नंतर दिसले, एवढ्याने भागत नाही. पुरावा त्या घटकेचा हवा, आणि शाबितीचा भार आरोपीवर. सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात हा भार दिवाणी दाव्यातील पक्षकाराइतकाच ठरविला खरा. पण तराजूत घालावयास काही हवे ना! आरोपीने कोयता लपविला असेल, तर समज शाबूत होती असे अनुमान निघते.

2002 मध्ये त्याच न्यायालयाने आपल्या राज्यातील एका पोलीस शिपायास पत्नीच्या खुनातून याच कलमाखाली निर्दोष सोडले. तो पळाला नव्हता; पित्यासही मनोविकार होता; पूर्वीच्या उपचारांची नोंद होती; आणि अटकेनंतर काही महिन्यांत त्यास पंचवीस वेळा रुग्णालयात नेल्याचे दप्तर हजर होते.

आमच्या सेनगाव-कळमनुरीकडील तांड्यावरच्या माणसाचे दप्तर कुठले? राज्याची जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. म्हणून माय पोराला देवऋषीकडे नेते. आमचे एक वकील स्नेही सांगत होते: "उपचाराचा कागद आहे का?" असे विचारताच एका म्हातारीने पदराची गाठ सोडून अंगाऱ्याची पुडी पुढे केली. पुडीचा कागद वर्तमानपत्राचा होता.

यंदाच्या अंकाचा विषय 'घर' आहे, तेव्हा हेही नोंदवू: वेडामुळे निर्दोष ठरलेला इसम थेट घरी जात नाही, न्यायालय त्यास सुरक्षित ठिकाणी ठेवते, किंवा कोणी नातलग हमी देण्यास पुढे आल्यास त्याच्या हवाली करते. टपरीवरील गृहस्थ आमचे जुने वर्गणीदार आहेत. अंक त्यांच्या हाती पाडव्यापूर्वी पडेल.