दुसऱ्या गिटारीचा नाद

घरात एक सेमी-हॉलो गिटार असताना दुसरी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न साहित्यचर्चेत आणण्याइतका गंभीर आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. आम्हांला ती आली नाही. गेले तीन महिने या खरेदीच्या समर्थनार्थ जी भाषा आम्ही ऐकतो आहोत, आणि लाज बाजूला ठेवून सांगायचे तर स्वतःही बोलतो आहोत, ती तपासणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकाचेच काम आहे. 'हिचा आवाज अधिक उबदार आहे', 'हिच्या लाकडात आत्मा आहे', 'ही श्वास घेते' अशी तीन वाक्ये एखाद्या विद्यार्थ्याने कवितेच्या परीक्षणात ओळीने लिहिली, तर आपण समासात लाल शाईने 'म्हणजे काय?' असे विचारतो. दुकानात मात्र हीच वाक्ये ऐकून आपला हात खिशाकडे जातो.

तेव्हा आधी वस्तूच पाहू. सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ, गिटारीचा आद्य नमुना म्हणून गिब्सन कंपनीच्या ईएस-३३५ कडे बोट दाखवले जाते. टेड मॅकार्टी यांच्या कारकिर्दीत, १९५८ साली, ती बाजारात आली. तिच्या मुळाशी एक अडचण होती. संपूर्ण पोकळ विद्युत गिटार मोठ्या आवाजात वाजवली की स्पीकरमधून आलेला ध्वनी तिचे पोकळ अंग पुन्हा थरथरवतो, तारा त्याला साथ देतात आणि न थांबणारा हुंकार सुरू होतो. वादक याला फीडबॅक म्हणतात. यावर तोड अशी निघाली की पोकळीच्या मधोमध मेपलचा भरीव ठोकळा बसवायचा आणि पोकळी फक्त दोन्ही अंगांना ठेवायची. ज्या लाकडाच्या आत्म्याविषयी एवढे बोलले जाते, ते वरचे लाकूड अखंड फळीचे नसतेच. पातळ थर एकमेकांवर चिकटवून ते केलेले असते. सुताराला विचारा, तो सरळ प्लायवूड म्हणेल. यात त्या वाद्याचा यत्किंचितही कमीपणा नाही. पण आत्मा शोधणाऱ्याने निदान प्लायवूड पाहून घ्यावे, एवढेच.

शिवाय ध्वनिवर्धकापर्यंत जाते ती वीज. तार हलते, पिकअपमधील चुंबकीय क्षेत्र बदलते, वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. अंगाची घडण तारेच्या कंपनावर परिणाम करते, हे आम्ही नाकारत नाही. तारांची जाडी, पिकअपची उंची, स्पीकर आणि उजव्या हाताने तार नेमकी कुठे छेडली, यांचाही परिणाम होतो. एकाच जातीच्या दोन गिटारींमधला जो फरक आपण कान टवकारून ऐकतो, त्यातला किती वाटा दुकानातल्या गिटारीवरील कोऱ्या तारांचा असतो, हे दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

बी. बी. किंग यांची हकीकत गिटारप्रेमी भक्तिभावाने सांगतात. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातील ट्विस्ट या गावी एका नाचघरात ते वाजवत होते. उबेसाठी रॉकेल पेटवून ठेवलेले पिंप दोघांच्या मारामारीत कलंडले आणि आग लागली. किंग बाहेर पळाले. गिटार आत राहिल्याचे ध्यानात येताच पुन्हा आगीत शिरले. भांडण लुसील नावाच्या बाईवरून झाल्याचे मागाहून कळले, आणि तेच नाव त्यांनी गिटारीला दिले. इथवरची कथा सर्वांना मुखोद्गत असते. पुढचा भाग सोयीने गळतो. लुसील एक नव्हती. वाद्ये बदलत गेली, नाव मात्र तेच राहिले. आणि डाव्या हाताच्या बोटाने स्वर हलवण्याची त्यांची लकब कोणत्याही लुसीलवर दोन स्वरांत ओळखू येते. दुसरी गोष्ट त्याहून मौजेची. सेमी-हॉलोच्या अंगावरील ज्या वळणदार छिद्रांवर आम्ही भाळलो आहोत, त्यांत किंग फीडबॅक टाळण्यासाठी कापड कोंबत असत. गिब्सनने १९८० मध्ये त्यांच्या नावाची लुसील काढली, तेव्हा तिला ती छिद्रेच ठेवली नाहीत. ज्याच्या नावाने आपण त्या छिद्रांची पूजा बांधतो, त्याने ती बुजवून घेतली होती!

'मग किंग यांच्याकडे अनेक गिटारी होत्याच ना?' होत्या. ते आयुष्यभर गावोगाव कार्यक्रम करत हिंडले. आमचा दौरा बैठकीच्या खोलीतून गच्चीपर्यंत जातो. आणि दाखलेच द्यायचे तर जॉन स्कोफील्ड यांचाही द्यावा, ज्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभापासून मुख्यतः एकाच आयबानेझ सेमी-हॉलोवर आपले जाझ उभे केले.

एका प्राध्यापक मित्रांचा आक्षेप याहून टोकदार होता. ते म्हणाले, "तुमच्याकडे राजवाडे प्रतीची ज्ञानेश्वरी आहे आणि दांडेकरांचीही आहे. तिथे कुठे गेला तुमचा संयम?" आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. पण उत्तर त्यांच्याच शास्त्रात आहे. या दोन प्रतींत पाठभेद आहेत. ओवीवर बोट ठेवून ते दाखवता येतात. गिटारीलाही आम्ही तीच कसोटी लावू: पाठभेद दाखवा. भरीव गिटार आणि सेमी-हॉलो यांत तो आहे. बीटल्समधील लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन या तिघांकडेही असलेली एपिफोन कसिनो दिसायला ३३५ सारखी असली, तरी तिच्यात मधला ठोकळाच नाही. तिथेही पाठभेद आहे. ज्याला तो हवा त्याने ती अवश्य घ्यावी. आम्ही ज्या गिटारीवर डोळा ठेवून आहोत, ती आमच्या गिटारीहून भिन्न आहे ती फक्त रंगाने. आमची पिवळसर-तपकिरी, ती लाल. (आमच्या कपाटात पाने न फाडलेले ग्रंथ आहेत, हेही मित्राने सुनावले. ते खरे आहे. पण एका अपराधाने दुसऱ्याचे समर्थन होत नसते.)

या हव्यासाला इंग्रजीत एक लाडके नाव आहे: गिटार अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम. स्टीली डॅनचे वॉल्टर बेकर यांनी १९९० च्या दशकात ते थट्टेने वापरले. आता लोक ते मधुमेहासारखे उच्चारतात. रोग म्हटला की जबाबदारी सरते. मराठीने अशी पळवाट ठेवलेली नाही. आपल्याकडे 'नाद' म्हणजे ध्वनी आणि 'नाद' म्हणजे व्यसनही. एखाद्याला नाद आहे की तो नुसताच नादी लागला आहे, हे वाक्यातच ठरते. बाजार पहिल्या अर्थाची जाहिरात करून दुसरा अर्थ विकतो. त्याची कमाल पाहायची असेल तर २०२१ मध्ये गिब्सनने सुरू केलेली मर्फी लॅब पाहावी. तिथे कोऱ्या गिटारींवर तडे, ओरखडे आणि झीज कारागिरांकडून करवून घेतली जाते आणि त्या अधिक किमतीला विकल्या जातात. वीस वर्षांच्या रियाजाने जे अंगावर उमटायचे, ते पहिल्याच दिवशी पेटीत मिळते. दुसऱ्याच्या प्रबंधाच्या समासातील टिपणे विकत घेण्यासारखे हे आहे, आणि आपल्या विभागांत त्याचीही उदाहरणे नाहीत असे नाही. असो.

तानपुऱ्याचा आवाज बसला की गाणारा दुसऱ्या तानपुऱ्याच्या शोधात निघत नाही; मिरजेच्या कारागिराकडे नेऊन जवारी काढून घेतो. घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरते, आणि तेच वाद्य पुन्हा बोलू लागते. गिटारीलाही असे उपचार आहेत. मानेतील लोखंडी सळई पिळून वाक दुरुस्त करता येतो, झिजलेल्या पट्ट्या घासता वा बदलता येतात, पिकअप खालीवर करता येतो. या सगळ्याला नव्या गिटारीच्या किमतीचा अल्पसा अंश लागतो. तरीही आम्ही तीन महिने लाल गिटारीची छायाचित्रे पाहण्यात घालवले, कारण दुरुस्त होऊन आलेली गिटार वाजवावी लागते; नवी गिटार काही दिवस नुसती पाहूनही चालते.

'म्हणजे तुम्ही कधीच घेणार नाही?' असे मित्राने विचारले. घेऊ. जी गत बसवायला आमच्या गिटारीवर खरोखर अडते, आणि अडते ते गिटारीमुळे, अशी एक तरी गत सापडली की त्याच दिवशी घेऊ. सध्या त्या गिटारीची पहिली तार नाही. ती गेल्या पावसाळ्यात तुटली.