भोकाच्या पैशाचे वजन

१९४३ साली ब्रिटिश हिंदुस्थानात मधोमध भोक असलेला पैसा चलनात आला. त्याच्याविषयी दोन कथा हमखास ऐकू येतात. दोरीत ओवता यावा म्हणून भोक पाडले, ही पहिली. ‘चले जाव’ आंदोलनाच्या धास्तीने राजाचे मस्तक वगळले, ही दुसरी. दोन्ही रंजक आहेत. टिकणारी एकही नाही.

ब्रिटिशांनी आफ्रिकेतील वसाहतींत भोकाची नाणी काही दशके आधीच चालवली होती आणि त्यांवरही राजाचे मस्तक नव्हते. नाण्याचा मध्यच कापला तर मस्तकाला जागा उरणार कुठे? मुकुट मात्र भोकाच्या वर आवर्जून ठेवला गेला. सत्तेला धास्ती वाटली असती, तर आधी तो गेला असता.

खरे कारण महायुद्ध. काडतुसांना आणि तोफगोळ्यांना लागणारे पितळ तांब्याशिवाय होत नाही. त्यामुळे नाण्यांतले तांबे वाचवणे भाग होते. आता गंमत अशी की, ही बचत मुख्यतः भोकातून झालीच नाही. १९४२ पर्यंतचा पाव आणा, म्हणजे जुना पैसा, ४.८६ ग्रॅम वजनाचा आणि सुमारे २५ मिलिमीटर व्यासाचा होता. नवा पैसा सुमारे २१ मिलिमीटरचा, पातळ, जेमतेम २ ग्रॅमचा. भोकाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. निम्म्याहून अधिक धातू मात्र व्यासातून, जाडीतून निसटला. रुपयाचे पैसे पूर्वीसारखे ६४च राहिले.

पैशाची किंमत तशीही धातूवर ठरत नव्हती, हे मान्य. तरीही या नाण्याकडे निव्वळ गमतीची वस्तू म्हणून पाहणे चूक आहे. १९४० साली रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली होती. सुट्या नाण्यांची टंचाई पडली, गरजेपेक्षा अधिक नाणी जवळ बाळगणे हा भारत संरक्षण नियमांखाली गुन्हा ठरला. युद्धखर्चासाठी नोटा वाढल्या, भाव भडकले. १९४३ मध्येच मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. आधी रुपया हलका झाला, मग मजुराच्या मुठीतला पैसाही. इतिहासाच्या पुस्तकांत युद्धकाळातील महागाई तक्त्यांत सापडते. येथे ती तळहातावर तोलता येते.

(हा पैसा लाखो रुपयांना विकला जातो, या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. तो कोट्यवधींच्या संख्येने पाडला गेला होता.)

१९५० साली प्रजासत्ताकाचा घोड्याचे चित्र असलेला पैसा आला. भोक बुजले, जुने वजन काही परतले नाही.